फ्रान्सेस्का वुडमन

फ्रान्सेस्का वुडमन (३ एप्रिल १९५८ – १९ जानेवारी १९८१) या एक अमेरिकन छायाचित्रकार होत्या. स्वतःला व आपल्या समवयस्क मैत्रिणींना प्रतिमान म्हणून वापरून त्यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छायाचित्रकलेत महत्त्वाची मानली जातात. तारुण्य, स्त्रीदेह आणि पाहणाऱ्याची नजर हे त्यांच्या चित्रांचे मुख्य विषय होत. वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची बहुतेक चित्रे त्यांच्या मृत्यूनंतरच रसिकांसमोर आली.

बालपण आणि कुटुंब

वुडमन यांचा जन्म कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे झाला. वडील जॉर्ज वुडमन हे चित्रकार असून बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात अध्यापन करीत. आई बेटी वुडमन मृत्तिकाशिल्पकार म्हणून पुढे जगप्रसिद्ध झाल्या. थोरले बंधू चार्ल्स हेही पुढे कलावंत झाले. कला हा या घराचा नित्यव्यवहारच होता. कुटुंबाचे फ्लॉरेन्सजवळील आन्तेल्ला या गावी एक जुने घर होते आणि अनेक उन्हाळे तेथे जात. दुसरीचे वर्ष फ्रान्सेस्का इटलीतील शाळेतच शिकल्या. त्यामुळे इटालियन भाषा त्यांना लहानपणीच अवगत झाली.

छायाचित्रणाचा आरंभ

१९७२ मध्ये त्या मॅसॅच्युसेट्समधील ॲबट अकॅडमी या निवासी शाळेत दाखल झाल्या. छायाचित्रणाचे पहिले धडे त्यांनी येथेच गिरवले. वडिलांनी दिलेला याशिका कंपनीचा कॅमेरा त्या वापरीत. त्यातून सव्वादोन इंच लांबीरुंदीची चौरस निगेटिव्ह मिळे. चौरस चौकट ही पुढे त्यांची ओळखच ठरली.

वयाच्या तेराव्या वर्षीचे त्यांचे आत्मचित्र या काळातील आहे. त्यात त्या बाकाच्या टोकाला बसलेल्या असून त्यांचा चेहरा केसांनी पूर्णपणे झाकलेला आहे. त्यांच्या हातातून निघालेली शटर उघडण्याची दोरी अस्पष्ट पट्ट्यासारखी थेट कॅमेऱ्याकडे गेलेली दिसते. पाहणाऱ्याला चेहरा मिळत नाही. चित्र केव्हा व कसे टिपायचे हे मात्र त्या मुलीच्याच हाती आहे. वुडमन यांच्या पुढील साऱ्या कामाचे बीज या एका चित्रात आढळते.

प्रॉव्हिडन्स येथील शिक्षण

१९७५ मध्ये बोल्डर येथील शालेय शिक्षण संपवून त्यांनी प्रॉव्हिडन्स शहरातील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या कलासंस्थेत प्रवेश घेतला. येथे त्यांनी पडीक घरांत चित्रे काढली. ‘हाउस’ या १९७६ च्या मालिकेत उखडलेला गिलावा, फाटलेला भिंतीचा कागद आणि रिकाम्या खोल्या दिसतात. त्यांत एक तरुण स्त्री कधी खिडकीखाली, कधी शेकोटीच्या चौकटीआड अर्धवट विरघळल्यासारखी भासते. हा परिणाम साधण्यासाठी त्या कॅमेऱ्याचे शटर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ उघडे ठेवीत. त्या अवधीत भिंती स्थिर राहत. हलणारे शरीर मात्र फिल्मवर धुरकट उमटे. चित्रांच्या प्रती त्या मुद्दाम लहान आकारात काढीत. त्यामुळे प्रेक्षकाला चित्राच्या अगदी जवळ जावे लागते.

रोममधील वास्तव्य

१९७७–७८ मध्ये संस्थेच्या विशेष अभ्यासक्रमासाठी त्या रोममध्ये राहिल्या. अतिवास्तववादी व भविष्यवादी साहित्याची पुस्तके विकणाऱ्या माल्दोरोर या दुकानात त्यांचे येणेजाणे असे. मार्च १९७८ मध्ये तेथेच त्यांचे एकल प्रदर्शन भरले. सान लोरेन्झो भागातील शेवयांच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांनी बरीच चित्रे काढली. देवदूतांच्या मालिकेत टांगलेली पांढरी वस्त्रे पंखांसारखी दिसतात. १९७८ मधील ‘सेल्फ-डिसीट’ म्हणजे आत्मवंचना या मालिकेत एक आरसा वारंवार येतो. स्त्री कधी त्याच्यासमोर येते, तर कधी त्याच्याच मागे लपते.

न्यूयॉर्क आणि अखेरची वर्षे

पदवीनंतर १९७९ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. फॅशन छायाचित्रणात काम मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न फारसे फळाला आले नाहीत. १९८० च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधील मॅकडॉवेल कलावंत-निवासात त्यांना वास्तव्याची संधी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी ‘टेंपल प्रोजेक्ट’ हे मोठे काम हाती घेतले. ग्रीक मंदिरांत खांबांच्या जागी उभ्या असणाऱ्या स्त्रीमूर्तींच्या आविर्भावात त्यांनी मैत्रिणींना वस्त्रे गुंडाळून उभे केले. इमारतींच्या नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या डायझो पद्धतीने त्यांनी या चित्रांच्या पुरुषभर उंचीच्या प्रती काढल्या. लहान आकार सोडून त्या नव्या वाटेवर निघाल्या होत्या, हे या कामावरून स्पष्ट होते.

या काळात त्यांना नैराश्याने ग्रासले होते. १९८० च्या शरद ऋतूनंतर त्या आईवडिलांजवळ राहू लागल्या आणि त्यांच्यावर उपचारही सुरू होते. जानेवारी १९८१ मध्ये ‘सम डिसऑर्डर्ड इंटीरियर जॉमेट्रीज’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. भूमितीच्या एका जुन्या इटालियन पुस्तकाच्या पानांवर चित्रे व हस्ताक्षरातील मजकूर जोडून ते सिद्ध केले होते. त्याच महिन्यात, १९ जानेवारी रोजी, त्यांनी आत्महत्या केली.

नजरेचा प्रश्न

पाश्चात्त्य चित्रकलेत चित्रकार पुरुष आणि नग्न प्रतिमान स्त्री, अशी वाटणी शतकानुशतके रूढ होती. चित्रपटातील पुरुषी नजरेची मीमांसा करणारा लॉरा मल्व्ही यांचा प्रसिद्ध निबंध १९७५ मध्ये, म्हणजे वुडमन कलासंस्थेत दाखल झाल्या त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. वुडमन यांनी सिद्धान्त मांडला नाही. पाहणारी आणि पाहिली जाणारी या दोन्ही भूमिका मात्र त्यांनी स्वतःकडे घेतल्या. प्रॉव्हिडन्समधील १९७६ च्या एका चित्रात तीन विवस्त्र स्त्रिया उभ्या असून प्रत्येकीने चेहऱ्यापुढे वुडमन यांच्याच चेहऱ्याचे छायाचित्र धरले आहे. त्यांपैकी एक स्वतः वुडमन आहेत. देह समोर असूनही व्यक्ती हाती लागत नाही आणि प्रेक्षकाला आपल्याच कुतूहलाची जाणीव होते. या चित्रात खट्याळपणाही आहे, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

मरणोत्तर कीर्ती आणि मतभेद

१९८६ मध्ये वेलस्ली कॉलेज व हंटर कॉलेज येथे भरलेल्या प्रदर्शनामुळे वुडमन यांचे नाव सर्वत्र पोहोचले. त्या वेळच्या पुस्तिकेत ॲबिगेल सॉलोमन-गोडो यांनी या चित्रांचा स्त्रीवादी दृष्टीने विचार केला. रोझलिंड क्राउस यांनी ती कलाशाळेत घातलेल्या स्वाध्यायांची कल्पक उत्तरे म्हणून वाचली. पुढे ‘द वुडमन्स’ (२०१०) हा माहितीपट आला. सॅन फ्रान्सिस्को येथील आधुनिक कला संग्रहालय (२०११) आणि न्यूयॉर्कचे गुगनहाइम संग्रहालय (२०१२) येथे त्यांची सिंहावलोकनी प्रदर्शने भरली.

त्यांच्या चित्रांतील पुसट, नाहीशा होणाऱ्या आकृतींमध्ये मृत्यूची पूर्वसूचना शोधण्याची प्रवृत्ती मोठी आहे. परंतु यातील कित्येक चित्रे मृत्यूपूर्वी चार-पाच वर्षे, एका उत्साही विद्यार्थिनीने, शटरचा वेळ, प्रकाश आणि चौकट यांचा विचार करून घडवली होती. शेवटच्या घटनेवरून आधीच्या साऱ्या कामाचा अर्थ लावल्यास ज्या मुलीने स्वतःवरील नजर आयुष्यभर आपल्या ताब्यात ठेवली, तिचा तो ताबाच काढून घेतला जातो. २०२४ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने वुडमन यांची चित्रे एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार ज्यूलिया मार्गारेट कॅमरन यांच्या चित्रांसोबत मांडली. त्यामुळे छायाचित्रकलेच्या दीर्घ परंपरेत त्यांचे काम पाहण्याची वाट अधिक मोकळी झाली.