आई शाळेत जाते

मुलांनो, परदेशी जाणारी माणसे आपल्या कर्जत-खालापूरच्या भागाला नवीन नाहीत. तुमच्यापैकी कुणाचे अब्बा, कुणाचे मामू आखाती देशांत नोकरीला असतील. ते तिकडे कमावतात, अम्मी इकडे घर सांभाळते आणि मुले इकडच्या शाळेत शिकतात. पण एक विधवा आई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन परदेशी गेली, आणि तीही नोकरीसाठी नव्हे तर शिकण्यासाठी, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? हे घडले १८८३ साली. त्या काळी आपल्याकडे मुलींना पाटी-पेन्सिल हाती धरू देणेही लोकांना आवडत नसे. त्या आईचे नाव पंडिता रमाबाई आणि मुलीचे नाव मनोरमा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या जंगलात झाला. ही जागा आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांनी त्यांना फार त्रास दिला. ते डगमगले नाहीत. पुढे त्याच आईने रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत गावोगाव पायी फिरत असे. घर नाही, शाळा नाही, पुस्तकेही थोडीच. तरी लहानग्या रमेला भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. आपल्याकडे हाफिज मुले कुरआन शरीफ कसे मुखोद्गत करतात ते तुम्ही पाहिले आहे. तेव्हा हे पाठांतर किती मेहनतीचे असते, हे मी तुम्हांला वेगळे सांगायला नको.

दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. दोघे पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पंडिता म्हणजे विदुषी. उर्दूत आपण आलिमा म्हणतो तशी. पण हे सुख टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला आणि त्या आसाममधील सिलचरला राहू लागल्या. जातीबाहेर लग्न केले म्हणून पुन्हा लोकांचा रोष झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. ती एक वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या रोगाने तिचे वडील वारले. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या.

त्या काळी हिंदूंच्या वरच्या जातींत विधवेचे जीवन म्हणजे जिवंतपणी मरणच होते. डोक्याचे केस काढायचे, एक वेळ जेवायचे, घराच्या कोपऱ्यात बसायचे. रमाबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. तेथे त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारचे शिक्षण आयोग, म्हणजे हंटर कमिशन, पुण्यास आले. मुलींना शिकवण्यासाठी शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासण्यासाठी बाया डॉक्टर हव्यात, असे रमाबाईंनी त्याच्यापुढे स्पष्ट सांगितले. आणि मग त्यांच्या मनात आले, की आपणच डॉक्टर का होऊ नये?

त्यासाठी विलायतेला जायला हवे होते. पैसा कोण देणार? रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचे मराठी पुस्तक लिहिले. ते विकून आलेल्या पैशांतून बोटीचे भाडे उभे केले. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट फार आवडते. कुणापुढे हात न पसरता त्यांनी आपल्या लेखणीने तिकीट काढले.

एप्रिल १८८३ मध्ये मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण यांच्यासह रमाबाई मुंबईहून बोटीत बसल्या. इंग्लंडात वाँटेज नावाच्या लहान गावी ख्रिस्ती जोगिणींचा एक आश्रम होता. त्या आश्रमाच्या काही भगिनी पुण्यास काम करत असत, त्यामुळे ओळख झालेली होती. रमाबाईंनी तेथे फुकट राहायचे नाही असे ठरवले होते. पुण्याला येणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवणार आणि त्याबदल्यात भगिनींनी त्यांची राहण्या-जेवणाची व शिकण्याची सोय करायची, असा व्यवहार झाला. पाहा, मराठीचा तास आला की तुमच्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि तिकडे इंग्रज बाया एका हिंदी विधवेपुढे बसून मराठी गिरवत होत्या!

परंतु पहिले वर्ष फार वाईट गेले. बरोबर आलेली आनंदीबाई काही महिन्यांतच वारली. परक्या देशात आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला दोन वर्षांच्या मनोरमेखेरीज कुणी उरले नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी इकडे येताच पुण्या-मुंबईचे लोक संतापले. जे काल त्यांची स्तुती करत होते, ते आज त्यांच्यावर टीका करू लागले. त्यांतच आणखी एक आघात झाला. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू येत असे. त्यामुळे डॉक्टरीचे शिक्षण घेता येणार नाही असे ठरले. ज्यासाठी समुद्र ओलांडला, तेच दार बंद झाले.

रमाबाई रडत बसल्या नाहीत. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील फार नावाजलेल्या शिक्षिका होत्या. तेथे रमाबाई संस्कृत शिकवत, आणि स्वतः गणित, विज्ञान व इंग्रजी साहित्य शिकत. म्हणजे एकाच इमारतीत त्या एका तासाला बाई, तर दुसऱ्या तासाला विद्यार्थिनी!

मग मनोरमेचे काय? खरा पेच येथेच होता. आई वर्गात बसली तर तीन वर्षांच्या मुलीला कोण सांभाळणार? म्हणून मनोरमा बहुतेक काळ वाँटेजच्या भगिनींकडे राहिली. वाँटेज ते चेल्टनहॅम हे अंतर साधारण कर्जत ते ठाण्याइतके आहे. आज आपल्याला ते काहीच वाटत नाही, पण तीन वर्षांच्या मुलीला आई रोज भेटत नाही म्हटल्यावर ठाणे काय आणि दिल्ली काय! सिस्टर गेराल्डाईन नावाच्या भगिनीने मनोरमेचा मायेने सांभाळ केला. मायलेकी त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

या आजीबाईंचे आणि रमाबाईंचे मात्र वारंवार खटके उडत. गेराल्डाईन यांना वाटे, की रमाबाईंनी आणि मुलीनेही धर्माच्या बाबतीत मोठ्यांचे निमूटपणे ऐकावे. रमाबाई म्हणत, मला बुद्धी दिली आहे, मी विचार करूनच स्वीकारीन. आणि माझ्या मुलीला काय शिकवायचे ते मी ठरवीन. खाण्यापिण्यावरूनही वाद होई. रमाबाई पक्क्या शाकाहारी होत्या. धर्म बदलला तरी त्यांनी आपले जेवण आणि आपला साधा हिंदी पोशाख सोडला नाही. पुडिंगमध्ये अंडे असते म्हणून ते नको म्हटले, तर ‘आजीबाईं’ना त्यात गर्व दिसे. रमाबाईंना सर्वांत मोठी काळजी वेगळीच होती. मनोरमा इंग्रजांच्या घरात वाढून मेमसाहेब होईल, आपल्याच देशबांधवांकडे परक्या नजरेने किंवा वरून खाली पाहील, अशी त्यांना भीती वाटे. मुलगी आपल्या लोकांतली एक होऊन त्यांच्यावर प्रेम करणारी व्हावी, असे त्यांनी आजीबाईंना पत्रांतून पुन्हा पुन्हा कळवले.

तुम्ही म्हणाल, ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशी भांडणे बरे का? माझ्या मते रमाबाई कृतघ्न नव्हत्या. गेराल्डाईन यांचे उपकार त्या मानत. पण उपकार वेगळे आणि मुलीवरचा हक्क वेगळा. दोन्ही बायांचे मुलीवर प्रेम होते, म्हणूनच तो वाद इतका दुखरा झाला.

आणखी एक गंमत सांगतो. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असे घाटत होते, तेव्हा चर्चच्या मोठ्या धर्मगुरूंनी त्याला हरकत घेतली. एका बाईने पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानात बरे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. रमाबाईंनी तर कलकत्त्यात पंडितांच्या भरसभेत व्याख्याने दिली होती! म्हणजे बायकांना मागे ओढणारे लोक फक्त आपल्याकडेच होते, असे समजू नका.

१८८६ च्या आरंभी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून बोलावणे आले. कल्याणच्या आनंदीबाई जोशी तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात डॉक्टर झाल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळायची होती. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंना त्या समारंभाला बोलावले. पाच वर्षांचीही न झालेल्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुन्हा बोटीत बसल्या. जी पदवी स्वतःला मिळू शकली नाही, ती दुसऱ्या मराठी स्त्रीला मिळताना त्यांनी डोळे भरून पाहिली. आनंदीबाई मात्र पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास वारल्या.

समारंभ संपला तरी रमाबाई अमेरिकेतच राहिल्या, कारण त्यांना आता नवी शाळा सापडली होती. ही शाळा बालवाडीची, किंडरगार्टनची होती. लाकडी ठोकळे, चेंडू, गाणी यांच्या साहाय्याने लहान मुलांना कसे शिकवावे, ते त्या शिकू लागल्या. पंडिता म्हणून गौरवलेली बाई ठोकळे रचायला बसली; त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पण शिकणे, गावोगाव व्याख्याने देणे आणि मुलीला सांभाळणे हे सारे एकत्र जमेना. काही महिन्यांनी त्यांनी मनोरमेला पुन्हा वाँटेजला पाठवून दिले. आता मायलेकींच्या मध्ये अख्खा अटलांटिक महासागर होता. या काळात आई मुलीला पत्रे लिहीत असे.

१८८७ मध्ये रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते अमेरिकेत हातोहात खपले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत करण्याचे तिने कबूल केले. १८८८ च्या अखेरीस रमाबाई अमेरिकेहून निघाल्या आणि जपानमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला पोहोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही विधवांसाठी शाळा उघडली. तिच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यास गेले. मुंबई-पुणे रेल्वे १८६३ पासून आपल्या कर्जतवरूनच बोरघाट चढते. त्या वेळी घाटात एका ठिकाणी गाडी उलट दिशेने न्यावी लागे. पुढचे इंजिन काढून मागे लावत. पुण्यात १८९३ मध्ये, मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. १८९६-९७ च्या भयंकर दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व बायका आणल्या आणि पुण्यापलीकडे केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ वसवले. तेथे मुली लिहायला-वाचायला शिकत, माग चालवत, छापखान्यात काम करत; अंध मुलींना ब्रेल लिपीही शिकवली जाई.

आणि मनोरमा? ती मेमसाहेब झाली नाही. तीही अमेरिकेत शिकली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली आणि आईच्या शाळेची मुख्याध्यापिका बनली. १९१२ मध्ये गुलबर्ग्याला शाळा काढण्यातही तिने हातभार लावला. जुलै १९२१ मध्ये वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती वारली. रमाबाई तेव्हा थकल्या होत्या, पण मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे त्यांचे काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

वाँटेजच्या आजीबाईंनी इतके वाद होऊनही रमाबाईंचे एकही रागाचे पत्र फाडून टाकले नाही. ती सारी पत्रे त्यांनी जपून ठेवली, आणि १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. आईने छोट्या मनोरमेला लिहिलेली पत्रेही त्यांत आहेत.