फ्रेडरिक डग्लस आणि दुसऱ्या जागेचा सौदा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की तिची चर्चा आपल्या वृत्तपत्रांतही रंगते. अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, कोणते राज्य कोणाकडे झुकले, यावर रकानेच्या रकाने भरतात. त्या उमेदवाराच्या शेजारी उपाध्यक्षपदासाठी कोणाचे नाव घातले आहे, यावर मात्र दोन-चार दिवसांपलीकडे कोणी बोलत नाही. आम्हाला हे दुसरे नाव महत्त्वाचे वाटते. या दुसऱ्या नावाच्या निवडीने एकदा चाळीस लाख मुक्त गुलामांचे भवितव्य फिरवले होते. आणि ज्या महापुरुषाने ते जवळून पाहिले, त्याचेच नाव पुढे सात वर्षांनी, त्याला न विचारता, अशाच दुसऱ्या जागेवर घातले गेले. तो महापुरुष म्हणजे फ्रेडरिक डग्लस.

आधी ही पद्धत समजून घेऊ. सुरुवातीला अमेरिकेत ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मते पडत तो उपाध्यक्ष होई. १८०४ च्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगळे मतदान आले आणि पक्ष दोन नावांची जोडी उभी करू लागले. मतदाराला ही जोडी फोडता येत नाही. पहिला हवा असेल तर दुसराही पत्करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात हे दुसरे नाव पक्षाचे अधिवेशन ठरवीत असे. आता ते अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतो आणि अधिवेशन त्यावर शिक्का मारते. निवड कोणीही करो, हिशेब तोच असतो. पहिला उत्तरेचा असेल तर दुसरा दक्षिणेचा घ्या, पक्षात एखादा गट रुसला असेल तर त्याचा माणूस बसवा, जिथे मते कमी पडतात तिथला चेहरा आणा. राज्य चालवायची वेळ आली तर हा माणूस कसा वागेल, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. वास्तविक आजवर आठ अध्यक्ष पदावर असतानाच मरण पावले आणि त्यांची खुर्ची या दुसऱ्या माणसाकडे गेली.

डग्लस यांचा जन्म १८१८ साली मेरीलँड राज्यातल्या टॉलबट परगण्यात एका गुलाम आईच्या पोटी झाला. गुलामांच्या मुलांच्या जन्मतारखा कोणी लिहून ठेवत नसे, त्यामुळे आपला वाढदिवस त्यांना आयुष्यभर ठाऊक झाला नाही. आई दुसऱ्याच्या शेतावर राबत होती. ती रात्री पायपीट करून लेकराला भेटायला येई आणि उजाडायच्या आत कामावर परत जाई. सात वर्षांचे असतानाच ती गेली. पुढे बाल्टिमोरच्या ऑल्ड कुटुंबात त्यांना पाठवले, तिथे मालकिणीने अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली. मालकाच्या लक्षात येताच त्याने ते बंद पाडले. गुलाम वाचायला शिकला तर गुलाम राहणार नाही, हे त्याला पक्के कळत होते. शिक्षणावर बंदी घालणाऱ्यांना शिक्षणाची ताकद शिकणाऱ्याच्या आधी समजते, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. डग्लस यांनी मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेतली.

१८३४ साली त्यांना एडवर्ड कोव्ही नावाच्या माणसाकडे एक वर्षासाठी दिले गेले. गुलामांची रग जिरवणे हाच त्याचा धंदा होता. अनेक महिने मार खाल्ल्यावर सोळा वर्षांच्या डग्लस यांनी एके दिवशी त्याचा हात धरला आणि त्याच्याशी झुंज दिली. त्यानंतर कोव्हीने त्यांच्या अंगाला हात लावला नाही. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश करून, दुसऱ्याची कागदपत्रे घेऊन ते रेल्वेने निसटले. या पळण्यामागे अ‍ॅना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीची मदत होती. न्यूयॉर्कमध्ये दोघांनी लग्न केले. १८४१ पासून ते गुलामगिरीविरोधी सभा गाजवू लागले, १८४५ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि १८४७ साली त्यांनी रॉचेस्टर येथून ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रीहक्कांची परिषद भरली तेव्हा स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाला पाठिंबा देण्यासाठी तेच उभे राहिले.

आता येऊ १८६४ सालाकडे. यादवी युद्ध चालू होते. काळ्या सैनिकांची भरती करण्यासाठी डग्लस गावोगाव फिरले होते आणि त्यांची दोन मुलेही लढाईत उतरली होती. लिंकन यांची दुसरी निवडणूक तोंडावर होती आणि ती जिंकू की नाही, याची त्यांनाच खात्री नव्हती. त्यांचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन हे मेन राज्याचे, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पण मेन राज्य हातचे होते, त्यासाठी हॅम्लिन यांची गरज नव्हती. जूनमध्ये बाल्टिमोरला अधिवेशन भरले आणि हॅम्लिन यांना बाजूला करून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सनचे नाव पुढे आले. यात लिंकन यांचा किती हात होता यावर इतिहासकारांत वाद आहे. जॉन्सन विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचा, दक्षिणेतला आणि स्वतः गुलाम बाळगलेला. पण फुटून निघालेल्या राज्यांपैकी सिनेटमध्ये टिकून राहिलेला तो एकमेव सदस्य होता. त्याच्या नावाने सीमेवरच्या राज्यांतली आणि युद्धसमर्थक डेमोक्रॅट लोकांची मते येतील, एवढाच तो हिशेब. जॉन्सन मूळचा गरीब शिंपी होता आणि दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांचा त्याला मनापासून राग होता. पण जमीनदारांचा राग असणे म्हणजे गुलामाला माणूस मानणे नव्हे. हा फरक अधिवेशनातल्या शहाण्यांनी पाहिला नाही.

४ मार्च १८६५ रोजी शपथविधी झाला. डग्लस गर्दीत उभे होते. लिंकन यांनी जॉन्सनला खूण करून डग्लस यांच्याकडे बोट दाखवले. जॉन्सनच्या चेहऱ्यावर आधी तिरस्कार उमटला आणि आपल्याकडे कोणी पाहते आहे हे ध्यानात येताच त्याने हसरा मुखवटा चढवला. डग्लस यांनी हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. हा माणूस आपल्या लोकांचा मित्र नाही, हे त्यांनी त्या एका क्षणात ओळखले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी लिंकन गोळीला बळी पडले आणि तो माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

पुढे काय झाले? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त गुलामांच्या कुटुंबांना, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत, देण्याचा हुकूम काढला होता. सुमारे चाळीस हजार माणसे तिथे वसली होती. जॉन्सनने बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि ती जमीन त्यांना परत केली. दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. काम नसलेल्या काळ्या माणसाला भटका ठरवायचे, दंड करायचा आणि दंडापोटी पुन्हा मालकाच्या शेतावर राबवायचे. बेड्या काढल्या होत्या, त्या कायद्याच्या कागदाने परत घातल्या. ७ फेब्रुवारी १८६६ रोजी डग्लस आणि त्यांचे सहकारी मताधिकार मागण्यासाठी जॉन्सनला भेटले. त्याने त्यांनाच लांबलचक व्याख्यान दिले आणि मागणी धुडकावली. डग्लस आणि मंडळींनी वृत्तपत्रांतून त्याला जाहीर उत्तर दिले. त्याच वर्षी जॉन्सनने नागरी हक्कांचा कायदा नकाराधिकार वापरून अडवला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला. १८६८ साली त्याच्यावर महाभियोग चालला आणि तो सिनेटमध्ये एका मताने बचावला. पण मधली तीन वर्षे गेली ती गेलीच, आणि जमीनही गेली. मतांच्या बेरजेसाठी घेतलेल्या एका नावाची ही किंमत. ती अधिवेशनात बसलेल्यांनी मोजली नाही, जे तिथे नव्हते त्यांनी मोजली.

आता १८७२. त्या वर्षी १० मे रोजी न्यूयॉर्कच्या अपोलो सभागृहात समान हक्क पक्षाचे अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदासाठी व्हिक्टोरिया वुडहल या स्त्रीचे नाव जाहीर झाले. स्त्रियांना मत नसलेल्या देशात एक स्त्री अध्यक्षपदाला उभी राहते, ही धाडसाची गोष्ट होती आणि तिचे मोल आम्ही कमी करत नाही. या अधिवेशनाने उपाध्यक्षपदासाठी निवडले फ्रेडरिक डग्लस यांना. डग्लस तिथे नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते. काळ्यांची चळवळ आणि स्त्रियांची चळवळ यांच्यात १८६९ पासून फूट पडली होती. काळ्या पुरुषाला आधी मताधिकार मिळतो म्हणून काही गोऱ्या स्त्री नेत्यांनी काळ्यांबद्दल हीन भाषा वापरली होती. आता डग्लस यांचे नाव लावले की ती फूट सांधल्यासारखी दिसेल, असा हा विचार असावा. पण फूट सांधायची तर आधी बोलावे लागते. नाव छापून ती सांधली जात नाही.

डग्लस यांनी ती उमेदवारी स्वीकारली नाही, तिची दखलही घेतली नाही. ते फिरले ते युलिसिस ग्रँट यांच्या प्रचारासाठी. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुंड टोळीविरुद्ध ग्रँट यांनी १८७१ साली कायदा राबवला होता. दक्षिणेत काळ्या मतदाराचे घर जळत होते आणि मत फोडून चालणार नव्हते. चार्ल्स समनर यांच्यासारखा जुना सहकारी विरोधकांच्या होरेस ग्रीली यांच्याकडे गेला, तरी डग्लस हलले नाहीत. जूनच्या सुरुवातीला रॉचेस्टरचे त्यांचे स्वतःचे घर आगीत भस्म झाले आणि त्यांच्या वृत्तपत्राचे जुने अंक त्यात गेले. आग कोणीतरी लावली असा त्यांचा संशय होता. तरी ते प्रचारात उतरले.

त्या वर्षी ग्रँट यांच्या जोडीला कोण होते, हेही आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. हेन्री विल्सन. दहाव्या वर्षी एका शेतकऱ्याकडे एकवीस वर्षांचा होईपर्यंत राबायला बांधून दिलेला हा मुलगा, पुढे जोडे शिवण्याचा धंदा करून वर आला. राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी १८६२ साली ज्या कायद्याने संपली, त्याचे विधेयक विल्सन यांनी मांडले होते. म्हणजे दुसरे नाव कामाकडे पाहूनही निवडता येते. ग्रँट जिंकले. न्यूयॉर्क राज्याच्या निर्वाचकांमध्ये डग्लस होते, आणि त्या राज्याच्या मतांचा मोहोरबंद लखोटा वॉशिंग्टनला पोचवायचे काम निर्वाचकांनी त्यांच्यावरच सोपवले. ज्याला एके काळी माल म्हणून विकता येत होते, त्याच्या हाती अध्यक्ष निवडणारी मते होती. न विचारता मिळालेल्या उमेदवारीपेक्षा हे काम मोठे होते, असे आमचे मत आहे.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी होईल. ज्या पक्षासाठी डग्लस झिजले, त्याच रिपब्लिकन पक्षाने १८७७ साली अध्यक्षपद पदरात पाडून घेण्यासाठी दक्षिणेतल्या फौजांचे संरक्षण काढून घेतले आणि काळ्या माणसाला जुन्या मालकांच्या हवाली केले. डग्लस यांना त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मार्शलचे पद मिळाले. त्यावरून त्यांच्याच लोकांनी त्यांच्यावर टीका केली, आणि ती टीका अगदीच खोटी नव्हती. पुढे ते दस्त नोंदणी अधिकारी झाले, हैती देशात अमेरिकेचे वकील झाले. १८८८ साली रिपब्लिकन अधिवेशनात अध्यक्षपदासाठी त्यांना एक मत पडले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या एका परिषदेला हजर राहून ते घरी आले आणि त्याच संध्याकाळी गेले. १८६९ ची फूट विसरून ते शेवटच्या दिवसापर्यंत स्त्रियांच्या बाजूने उभे होते. त्यांच्या देशाने उपाध्यक्षपदावर कृष्णवर्णीय व्यक्ती पाहिली ती २०२१ साली, कमला हॅरिस यांच्या रूपाने.

डग्लस यांच्या उमेदवारीनंतर एकच वर्षाने, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. तेव्हापासून हा इतिहास आपला आहे. म्हणून त्यातला हिशेब आपणही करावा. राखीव जागेवर आपला माणूस सरपंच होतो आणि कारभार उपसरपंच पाहतो, हे कितीतरी गावांत घडले आहे. निवडणुकीच्या पत्रकावर आपल्या कार्यकर्त्याचे नाव त्याला न विचारता छापले जाते, हेही घडले आहे. तेव्हा यापुढे कोणी दुसरी जागा देऊ करील, तर तीन गोष्टी विचाराव्यात. आम्हाला विचारून देता की आमचे नाव हवे म्हणून देता? उद्या पहिला नसला तर ही खुर्ची कोणाच्या बाजूने उभी राहील? आणि मते मिळाल्यावर, १८७७ सारखा सौदा व्हायची वेळ आली, तर आमच्या माणसाच्या हाती तो मोडण्याइतके बळ असेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत आपले नाव कोणाच्याही पत्रकावर चढू देऊ नये.