भिंतींपलीकडची पंडिता

मी दर्यापूरची, शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे माझ्या मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. मूर्तिजापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं. तिथेच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शाळेत असताना त्यांच्याबद्दल दोन ओळी पाठ केल्या होत्या, पण त्यांचं सगळं आयुष्य या सुट्टीत वाचलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवणं पाप समजलं जायचं त्या काळात त्यांनी बायकोला आणि मुलीला शिकवलं. पुढे दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. भावासोबत पायपीट करत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नंतर भाऊही वारला. बिपिन बिहारी मेधावींशी आंतरजातीय लग्न केलं, पण १८८२ मध्ये तेही गेले. तेवीस वर्षांचं वय आणि कडेवर छोटी मनोरमा!

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इथून पुढचा भाग मला जास्त आवडला. प्रॉटेस्टंट म्हणजे एकच चर्च असं मला वाटायचं. पण अँग्लिकन, मेथडिस्ट, काँग्रेगेशनल असे त्यांचे कितीतरी पंथ, आणि तेव्हा एकमेकांशी फार पटायचं नाही. आपल्या देशात आलेल्या मिशनऱ्यांनी हे वेगळेपण सोबतच आणलं. रमाबाईंना हे पटेना. आपण ख्रिस्ताला मानलं, एखाद्या पंथाला नाही, असं त्यांचं म्हणणं. बिशप सांगतात म्हणून ऐकायचं, हे तर त्यांना जमणारंच नव्हतं. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या गुरू. त्यांच्याशीसुद्धा पत्रातून जोरदार वाद झाले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत!

पण वाद झाला म्हणून नातं तुटलं नाही. मायलेकी जेराल्डिनना 'आजीबाई' म्हणत. आजीबाईंनी ती भांडणाची पत्रंसुद्धा जपून ठेवली. १९७७ मध्ये आपल्या महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहिलं. १८८७ च्या शेवटी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रूक्स हे एपिस्कोपल, तर जॉर्ज गॉर्डन हे काँग्रेगेशनल. एरवी एका व्यासपीठावर क्वचित बसणारी ही मंडळी हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायला तयार झाली.

त्यातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, नंतर ते पुण्याला गेलं. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मित्र सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सगळं रमाबाईंच्या बाजूने बरोबरच होतं असं मी म्हणणार नाही. पण शाळा बंद पडली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीच केडगावची मुक्ती उभी राहिली. तिथे वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पंथांच्या बाया येऊन राबल्या. अमेरिकेच्या मिनी अब्राम्स मेथडिस्ट होत्या. मुक्ती मात्र कोणत्याही एका पंथाच्या नावावर झाली नाही.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ते काम संपवून ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्याआधी जेमतेम वर्षभर मनोरमा गेली होती.

पुढे १९७० मध्ये काय झालं बघा. १ नोव्हेंबरला पाकिस्तानात आणि २९ नोव्हेंबरला आपल्या नागपुरात वेगवेगळी प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र आली. नागपुरात सहा होती, त्यांचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. दोन्ही देशांत लढाई होऊन पाचच वर्षं झाली होती, तरी एकाच महिन्यात दोन्हीकडे एकच विचार! हे रमाबाईंमुळे झालं असं नाही. पण त्यांनी ऐंशी वर्षं आधी एक शाळा चालवून हे होऊ शकतं, हे दाखवलं होतं.

आता खरं सांगते. गॅदरिंगच्या भांडणापासून माझी रूम पार्टनर आणि मी महिनाभर बोललो नाही. ती मराठी मीडियमची, मी कॉन्व्हेंटची, त्यात दोघींचे ग्रुप वेगळे. चूक कोणाची ते अजून ठरलेलं नाही. पण हा लेख लिहून झाल्यावर शुद्धलेखन तपासायला मी तिलाच दिला. चौदा चुका काढल्या पोरीने!