अंगणापर्यंत चालत गेलेली शाळा : ताराबाई मोडक

जयपूरच्या परकोट्यातील एखाद्या गल्लीत किंवा सांगानेरकडच्या एखाद्या वस्तीत ‘आंगनबाड़ी केन्द्र’ अशी पाटी दिसते. पाटी हिंदी असली तरी तिच्यावरच्या शब्दामागची कल्पना मराठी भूमीत, बोर्डी या समुद्रकाठच्या गावात रुजली. ती रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांचे नाव पाटी वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या केंद्रात येणाऱ्या मुलांत एखादे मूल असे असते, की जे हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, बाटल्यांची झाकणे एका रांगेत मांडीत बसते आणि कुकरची शिट्टी वाजताच कान झाकून किंचाळते. अशा मुलाला पूर्वी मुके, हट्टी किंवा वेडे ठरवीत. आज त्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. ताराबाईंच्या कार्याचे या मुलाशी असलेले नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ते शंभर वर्षांहूनही जुने आहे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकवावे की नाही हा वाद घरोघरी चालू असताना त्या घरात तो प्रश्नच नव्हता. 1914 मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पुढील वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार फार काळ टिकला नाही. 1921 मध्ये लहान मुलीला घेऊन त्या स्वतंत्र झाल्या. त्या काळच्या पांढरपेशा समाजात या निर्णयाची किंमत काय होती, हे वेगळे सांगायला नको. राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. प्रतिष्ठा, पगार, बंगला असे सारे असलेली ती नोकरी सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाईही मूळचे वकील. मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी भारून जाऊन त्यांनी 1920 मध्ये बालमंदिर काढले होते. छडी नाही, बक्षीस नाही, घोकंपट्टी नाही. मूल आपल्या इच्छेने साधन उचलते, हाताळते, जागेवर ठेवते, आणि शिक्षक बाजूला बसून पाहतो. पाहणे हेच तेथील शिक्षकाचे मुख्य काम होते. ताराबाई या पद्धतीत सुमारे नऊ वर्षे घडल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनातून त्यांनी हा विचार महाराष्ट्राच्या घराघरांत नेला.

ज्या साधनांभोवती बालमंदिर उभे होते, ती मुळात कोणासाठी तयार झाली? 1800 साली दक्षिण फ्रान्समधील रानात सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा सापडला. तो बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता, माणसांकडे पाहत नव्हता. मात्र मागे अक्रोड फुटल्याचा आवाज त्याला तत्काळ कळे. ज्याँ इतार या तरुण डॉक्टराने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाच-सहा वर्षे त्याला शिकविले. त्यासाठी सुटी अक्षरे, आकार, स्पर्शाने ओळखायच्या वस्तू अशी साधने इतारने तयार केली. व्हिक्टर बोलू लागला नाही. इतार निराश झाला आणि मुलाचा सांभाळ शेवटपर्यंत घरकाम पाहणाऱ्या एका बाईने केला. व्हिक्टर स्वमग्न असावा, असे आजचे काही अभ्यासक मानतात; दोनशे वर्षांनंतर त्याची खात्री कोण देणार? परंतु इतारची साधने वाया गेली नाहीत. त्याचा शिष्य एदुआर सेगँ याने ती मतिमंद मुलांसाठी वाढविली, रोममध्ये अशाच मुलांबरोबर काम करणाऱ्या डॉ. माँटेसरी यांनी सेगँचा ग्रंथ अभ्यासला, आणि 1907 मध्ये सान लोरेंझोच्या गरीब वस्तीतील बालगृहात तीच साधने सुधारून सर्वसाधारण मुलांच्या हाती दिली. तेथून ती भावनगरला पोहोचली. न बोलणाऱ्या एका मुलासाठी केलेली खटपट अशा रीतीने साऱ्या मुलांच्या उपयोगी पडली. आज त्याच जातीच्या मुलाला बालवाडीत घ्यावे की नाही अशी चर्चा होते, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. त्यानंतर सात वर्षांनी, 1943 मध्ये, अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून ही अवस्था स्वतंत्रपणे वर्णिली : माणसांपेक्षा वस्तूंत रमणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे, रोजच्या क्रमात तिळमात्र बदल झाला तरी कोसळून जाणे. कॅनर यांच्या निबंधाचे सामर्थ्य होते ते एकेका मुलाकडे दीर्घकाळ पाहण्यात. बालमंदिराची शिस्त नेमकी हीच होती, मात्र त्या अवस्थेचे नाव तेथवर पोहोचायला अजून अनेक दशके जायची होती. दरम्यान पाश्चात्त्य देशांत आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा क्रूर समज बराच काळ पसरला. तो खोटा ठरला, तरी आपल्याकडे आईला दोष देणे अद्याप थांबलेले नाही. स्वमग्न हा मराठी शब्दही काहीसा फसवा आहे. मूल स्वतःत रमलेले असते असे नव्हे, कित्येकदा भोवतालचा कोलाहल त्याला सोसवत नाही, एवढेच.

मुंबईतले यश ताराबाईंना अपुरे वाटू लागले. महागडी साधने आणि सुखवस्तू घरची मुले यांपुरतेच बालशिक्षण राहणार काय? 1945 मध्ये त्यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पण वर्ग उघडला तरी ज्यांच्यासाठी तो होता ती हरिजन आणि आदिवासी मुले येईनात. इथे ताराबाईंचे मोठेपण दिसते : मुले येत नाहीत, हा दोष त्यांनी मुलांवर किंवा पालकांवर ढकलला नाही. शाळाच उठून वस्तीतल्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. परदेशी लाकडी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आली. 1957 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीच्या सान्निध्यात स्थिरावले.

मुलाला शाळेच्या मापात बसवायचे नाही, शाळा मुलाच्या मापाची करायची, हा कोसबाडचा धडा स्वमग्न मुलाच्या बाबतीत विशेष कसाला लागतो. दीड-दोन वर्षांचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, आपल्याला दिसलेली गंमत दुसऱ्याला दाखवीत नसेल, आलेले शब्द गमावून बसले असेल, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत आणि लगोलग तज्ज्ञाकडे पाठवावे. मोठे झाले की बोलेल, या आश्वासनात मोलाची वर्षे जातात. निदान डॉक्टरांनी करायचे, परंतु पहिली शंका बहुधा सेविकेलाच येते, कारण एकाच वयाची अनेक मुले रोज तिच्या डोळ्यांसमोर असतात. निदानाची वाट न पाहता तिला पुष्कळ करता येते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर मांडावा, बदल असेल तर आधी सांगावा, गोंगाटापासून दूर एक कोपरा राखावा, लांब सूचनेऐवजी दोन शब्द बोलावेत, डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्ती करू नये. झाकणांची रांग मोडण्याऐवजी तिच्यात पुढचे झाकण ठेवून खेळात शिरकाव करावा. ‘बालकांचा हट्ट’ या नावाचे पुस्तक ताराबाईंनी लिहिले होते; हट्ट आणि असह्य आवाजाने झालेली तगमग यांतला फरक ओळखणे ही त्या विषयाची पुढची पायरी ठरते. बालवाडीतील सामूहिक गाणी आणि टाळ्या बहुतेक मुलांना प्रिय असतात, काहींना मात्र त्या छळासारख्या वाटतात. बालवाडीच्या परंपरेने याचा विचार उशिरा केला, हे मान्य करायला हवे.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले, डॉ. माँटेसरी यांची जन्मतारीखही 31 ऑगस्टच. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. राजस्थानातील पहिले ठिकाण बांसवाडा जिल्ह्यातील गढी हे होते. बोर्डीच्या अंगणातला शब्द तेव्हाच या प्रांतात आला. 2013 च्या फेब्रुवारीत बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो पालघर येथून, म्हणजे बोर्डी-कोसबाडच्याच परिसरातून. फिरत्या पथकाने अंगणवाडीत जाऊन ज्या तीस अवस्था पाहायच्या, त्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी सेविकांच्या हाती स्वतंत्र कार्यपद्धतीही आली. पथक वर्षातून दोनदा येते. उरलेले दिवस त्या मुलाजवळ सेविकाच असते.