ओलीस ठेवलेल्या मुलाची पासोडी

लिंबागणेशहून मांजरसुंब्याला यावे आणि नेकनूर, केज मागे टाकीत पुढे जावे, की अंबाजोगाई लागते. योगेश्वरीचे आणि मुकुंदराजांचे हे गाव. याच गावात एका घराण्याने सुमारे चारशे वर्षे एक कापड जिवापाड जपले आहे. कापड साधेच, थंडीत अंगावर घ्यायच्या जाडसर पासोडीचे. पण लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट आणि त्यावर शाईने लिहिलेला अख्खा ग्रंथ. लिहिणारे होते दासोपंत.

दासोपंतांचा जन्म शके १४७३चा, म्हणजे इ. स. १५५१चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत देशपांडे बीदरच्या बरीदशाहीत वसुलाचे काम पाहत. एका दुष्काळात सरकारी भरणा थकला. चरित्रकार सांगतात, की वसुलाच्या बदल्यात दरबाराने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले. महिन्याच्या मुदतीत पैसे आले नाहीत तर मुलाला धर्म बदलावा लागणार होता.

मी बँकेत आयुष्य काढले. थकबाकी आणि जामीन हे शब्द माझ्या रोजच्या टेबलावरचे. पण कर्जापोटी माणूस तारण राहतो, तेही पोटचे पोर, तेव्हा त्या घरात रात्री दिवा कसा लागत असेल? मुदतीच्या अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक साधा सेवक आला आणि रक्कम भरून निघून गेला, अशी कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठू महार आला, तसाच हा. घरी परतल्यावर कळले, की असा माणूस वडिलांनी पाठवलाच नव्हता. तो प्रत्यक्ष दत्तात्रेय, अशी दासोपंतांची खात्री पटली.

मग त्यांचे मन घरात रमेना. ते माहूरला गेले. तिथे १२ वर्षे तप केल्याचे सांगतात. नंतर गोदाकाठचे राक्षसभुवन आणि शेवटी अंबाजोगाई. आईवडील आणि पत्नी यांची भेट पुढे झाली. परंतु मधल्या वर्षांत त्या तरुण पत्नीने काय सोसले, याचा हिशेब कोणत्याच पोथीत नाही.

अंबाजोगाईत ते लिहीत राहिले. ज्ञानेश्वरी साधारण ९,००० ओव्यांची. दासोपंतांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा मानतात, म्हणजे जवळपास चौदापट. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे, असे जुनी माणसे सांगत. कुणीतरी आपले देणे फेडले, आता आपण फेडायचे, असा त्या लेखणीमागचा भाव असावा असे मला वाटते.

पासोडीवरचा विषय पंचीकरण. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांच्या मिश्रणातून सृष्टी आणि देह कसे घडतात, हे वेदान्ताचे गणित. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा वाटा स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. म्हणजे निव्वळ स्वतःचे असे काहीच नाही. एका अनोळखी माणसाच्या उपकारावर जगलेल्या साधूला हा विषय जवळचा वाटला, तर नवल नाही.

शके १५३७च्या माघ वद्य षष्ठीला दासोपंतांनी देह ठेवला. पुढे घराण्याची थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशी दोन घरे झाली. मोगल आले, निजाम आला, गावाचे नाव मोमिनाबाद झाले, पुन्हा अंबाजोगाई झाले. पासोडी टिकली. ती आपोआप टिकली नाही. ओल, वाळवी, उंदीर यांपासून कापड वाचवायचे तर दर पिढीत कुणीतरी दक्ष राहावे लागते. त्यात घरच्या लेकीसुनांचे हात किती असतील! त्यांची नावे पासोडीवर नाहीत.

तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी एखादी पोथी, शेला किंवा खणाची चोळी असेल. ती कुणाची, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.