केरीचे जिवबादादा बक्षी

तेरेखोलची फेरीबोट पकडायला किंवा समुद्रावर फिरायला आपण सगळेच कधी ना कधी केरीला गेलो आहोत. आजोबाच्या देवळात हात जोडतो आणि परत येतो. पण पेडण्यातल्या याच गावाने मराठी राज्याला एक मोठा अधिकारी दिला, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. त्यांचे नाव जिवाजी बल्लाळ केरकर, म्हणजेच जिवबादादा बक्षी.

त्या काळी पेडणे वाडीकर सावंतांकडे होते. लिहिणे आणि हिशेब जाणणारी अनेक सारस्वत माणसे नशीब काढायला घाट चढून गेली आणि शिंद्यांच्या दरबारात मोठ्या हुद्द्यांवर पोहोचली. लखबादादा लाड आणि बाळोबातात्या पागनीस त्यांतलेच. जिवबादादा महादजी शिंद्यांचे बक्षी झाले.

बक्षी म्हणजे नुसता सेनापती नव्हे. फौजेची हजेरी, घोड्यांची मोजदाद, शिपायांचा पगार हे सगळे त्याच्याकडे. वेळ आली की लढायलाही जायचे. मी स्वतः सरकारी कचेरीत नोकरी करतो. पगाराचे बिल चार दिवस अडकले तर काय कुजबुज सुरू होते, ते मला माहीत आहे. तिथे तर हजारो हत्यारबंद माणसे होती. 1787 साली लालसोटच्या मोहिमेत पगार थकल्यामुळे बादशाही पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. अशा दिवसांत फौज बांधून ठेवणे हेच मोठे काम होते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1788 मध्ये, गुलाम कादिराने दिल्लीत शाहआलम बादशहाचे डोळे काढले. महादजींनी राणेखान आणि जिवबादादांना पाठवले. ऑक्टोबरात मराठ्यांनी दिल्ली घेतली. गुलाम कादिर मेरठेकडे पळाला, पण डिसेंबरात सापडला. आंधळा बादशहा पुन्हा तख्तावर बसला.

आणि नेमक्या याच 1788 साली जिवबादादांचे पेडणे पोर्तुगिजांच्या हाती गेले. डिचोली आणि सत्तरी काही वर्षे आधीच गेली होती. खेम सावंतांनी 1763 साली शिंद्यांच्या घरची मुलगी केली आणि त्यांना बादशहाकडून राजेबहादूर हा किताब मिळाला. तो मान कोल्हापूरकरांना खुपला. त्यातून लढाया झाल्या. त्यांत पोर्तुगिजांची मदत घ्यावी लागली आणि तिची किंमत म्हणून पेडणे द्यावे लागले. बादशहाची दिल्ली सोडवणाऱ्या माणसाचे स्वतःचे गाव मात्र परक्यांचे झाले.

1794 साली महादजी वारले. दौलतराव अगदी पोरवयाचे होते. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे मराठे सरदार एकत्र आले, तेव्हा शिंद्यांची फौज जिवबादादांच्या हुकमतीखाली होती. निजामाला तह करावा लागला. मराठ्यांचा हा शेवटचा एकजुटीचा विजय. पुढच्या वर्षी, 1796 मध्ये, जिवबादादा गेले. त्यांच्यामागे शिंद्यांच्या घरात भाऊबंदकी माजली आणि सारस्वत कारभाऱ्यांचे फार हाल झाले.

पेडणे परत भारतात यायला 1961 उजाडावे लागले. चवथीला मुले गावी येतात, केरीला जातात. या वेळी फेरीबोटीची वाट पाहताना त्यांना जिवबादादांची गोष्ट जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!