इंजिनाला वेळेवर तेल पाजणारा मॅकॉय

डिसेंबरातली सकाळ. साडेसातचं लेक्चर. बाबांकडून तुमच्याकडे आलेली जुनी बाइक, आणि तुम्ही किकवर किक मारताय. ती खोकते आणि गप्प होते. कारणं बरीच असतात, त्यातलं एक म्हणजे तेल. गारठ्यात ते घट्ट होतं. रात्रभरात खाली उतरलेलं तेल वर पोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. जुनं इंजिन तर आधीच झिजलेलं असतं.

तेल हवं तिथे, हवं तेव्हा पोचत नाही, ही कटकट दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने अंगावर घेतली. एलायजा मॅकॉय.

त्याचा जन्म १८४४ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधला. आई-वडील अमेरिकेतल्या केंटकीतले गुलाम. तिथून पळून, लपतछपत ते कॅनडात पोचले होते. विचार करा, काही वर्षांपूर्वी जे स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होते, त्यांनी पोराचं यंत्रवेड बघून त्याला पंधराव्या वर्षी थेट स्कॉटलंडला, एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला पाठवलं!

शिकून तो अमेरिकेत मिशिगनला आला. कुटुंब तोवर तिकडे इप्सिलँटीत राहायला गेलं होतं. पण काळ्या माणसाला इंजिनीअरची नोकरी देणार कोण? मिशिगन सेंट्रल रेलरोडने त्याला ठेवलं ते फायरमन म्हणून. भट्टीत कोळसा टाकायचा आणि इंजिनाला तेल घालायचं. डिग्री घेऊन भलतंच काम करणाऱ्या आपल्या ओळखीतल्या ताई-दादांना हे नवीन नाही, फक्त त्याच्या बाबतीत कारण कातडीचा रंग हे होतं.

तेव्हा तेल घालण्यासाठी गाडी थांबवावी लागायची. ऑइलर उतरणार, तेल घालणार, मग गाडी पुढे. एलायजा हेच काम रोज करत होता, म्हणूनच त्याला त्यातली मेख कळली. त्याने तेलाचा असा कप बनवला की इंजिनातल्याच वाफेच्या दाबाने झडप उघडायची आणि चालत्या इंजिनात तेल आपोआप उतरायचं. १८७२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे आयुष्यभरात पन्नासच्या वर पेटंट झाली. बहुतेक तेल घालण्याच्या यंत्रांचीच, पण मधेच एक इस्त्रीच्या टेबलाचं आणि एक बागेत पाणी शिंपडणाऱ्या फवाऱ्याचंसुद्धा!

पैसा मात्र हाती फार राहिला नाही. भांडवल उभं करायला कितीतरी पेटंटचे हक्क दुसऱ्यांना द्यावे लागले.

नंतर जास्त तापवलेल्या वाफेवर चालणारी इंजिनं आली आणि नेहमीचं तेल तिथे टिकेना. सत्तरी गाठलेल्या एलायजाने तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून वापरता येईल असं यंत्र काढलं. पेटंट १९१५ चं. इंजिन बदललं की तेल बदलतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९२० मध्ये डेट्रॉइटला स्वतःच्या नावाची कंपनी काढली. दोनच वर्षांनी मोटार अपघातात तो आणि पत्नी मेरी जबर जखमी झाले. ती पुढे गेली, तोही सावरला नाही. १९२९ मध्ये डेट्रॉइटजवळच्या एलॉईज इस्पितळात त्याचं निधन झालं.

अस्सल वस्तूला इंग्रजीत ‘रिअल मॅकॉय’ म्हणतात, ते याच्यामुळेच असं रील्समध्ये दिसेल. लगेच फॉरवर्ड करू नका. स्कॉटलंडमध्ये ‘रिअल मॅके’ हा प्रयोग त्याच्या पेटंटच्या आधीपासून आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने डेट्रॉइटला शाखा उघडली, तिला त्याचं नाव दिलं, हे मात्र खरं.

आणि हो, तुमची बाइक. तेलाच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. जुनी गाडी आहे म्हणून गॅरेजवाला जाड तेल सुचवेल, पण आधी मॅन्युअल उघडून बघा. कारचं उरलेलं तेल तर बाइकमध्ये ओतूच नका, क्लच घसरायला लागेल.